पडका वाडा बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यातल्या गावांत ओस पडलेले वाडे आणि गढ्या बघत फिरायला लागून मला बरीच वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी वही, मोजपट्टी आणि बॅटरी घेऊन निघायचं, एवढीच तयारी. अलीकडे बरीच मुलं-मुली विचारतात की आम्हालाही यायचंय, सुरुवात कशी करायची? प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

पडक्या वाड्यात बघण्यासारखं असतं तरी काय?

भरपूर असतं, पण ते सावकाश दिसतं. मोठ्या दरवाजातला छोटा दिंडी दरवाजा, आत शिरल्यावर दोन्ही हातांना देवड्या (पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा), मग चौक, चौकाभोवती सोपे (खांबांवरच्या ओसऱ्या), पलीकडे माजघर, देवघर, कोठी. छत कोसळलं असलं तरी जोत्याच्या घडीव दगडांवरून ही आखणी वाचता येते. खांब कोणी उचलून नेले तरी ते ज्या दगडी तळखड्यांवर उभे होते ते बहुधा जागेवर असतात. ते मोजले की सोपा किती खणांचा होता हे कळतं; दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण.

मला स्वतःला झिजलेल्या जागा जास्त बोलक्या वाटतात. वाईच्या बाजूला एका वाड्यात माजघराच्या तुळईला लोखंडी कड्यांची जोडी होती, पाळण्याची. कडी जिथे लाकडाला घासायची तिथे बोटभर खोल खाच पडली होती. बरोबर त्याच्या समोर, हात-दीड हातावर, जमिनीत जात्याचा खळगा. म्हणजे एका हाताने जात्याचा खुंटा आणि दुसऱ्या हाताने पाळण्याची दोरी असं त्या घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या केलेलं आहे. ही गोष्ट कुठल्या सनदेत लिहिलेली नाही. ती खाच आणि तो खळगा एवढाच तिचा पुरावा, आणि त्या खोलीचं छत आता गेलं आहे.

सुरुवात कुठून करू?

धडधाकट वाड्यापासून करा. वाईजवळ मेणवलीत कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा उभा आहे. पुण्यात विश्रामबागवाडा आहे, नाशिकला सरकारवाडा, चांदवडला होळकरांचा रंगमहाल. तिथे केळफूल कसं कोरतात, सुरूचा खांब कसा असतो, तक्तपोशी म्हणजे तुळयांवरचं लाकडी फळ्यांचं छत कसं असतं, हे डोळ्यांनी बघून ठेवा. मग पडक्या वाड्यात नुसती दोन खोबणी दिसली तरी तिथे काय होतं ते मनात उभं राहतं.

वाडा आणि गढी यात फरक काय?

गढीला तटबंदी आणि बुरूज असतात, बंदुकीसाठी जंग्या असतात, आणि ती बहुतेक वेळा गावातल्या उंच जागी असते. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात देशमुख-पाटलांच्या गढ्या जास्त. वाडा मुळात राहण्यासाठी. पण गढीच्या आत वाडा असतोच, त्यामुळे गावकरी दोन्ही शब्द एकमेकांसाठी वापरतात.

एवढे मोठे वाडे ओस पडले कसे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. "पोरं शहरात गेली" हे उत्तर खरं आहे, पण अर्धवट.

वाडा उभा राहायचा तो वतनाच्या आणि इनामाच्या, म्हणजे गावकामाबद्दल किंवा बक्षीस म्हणून मिळालेल्या जमिनी-हक्कांच्या, उत्पन्नावर. १९५०च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं संपली, १९६२च्या कायद्याने पाटीलकी गेली. मधे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्याय्यच झालं. पण वीस-पंचवीस खणी वाड्याची कौलं दर वर्षी चाळायला आणि भिंती लिंपायला जे धान्य आणि जी माणसं लागत, ती त्या दिवसापासून आटली.

पश्चिम आणि दक्षिण महाराष्ट्रात याच्याआधी १९४८चा फेब्रुवारी आहे. गांधीजींच्या हत्येनंतर गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली आणि शेकडो कुटुंबं कायमची गाव सोडून गेली. काही वाड्यांच्या तुळयांवर जळल्याच्या खुणा अजून दिसतात. याविषयी विचारताना आवाज खाली ठेवा. घर गेलेल्यांची नातवंडं आणि गावात राहिलेल्यांची नातवंडं, दोघांनाही हे बोलणं जड जातं.

मराठवाड्यात कारण वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर जाड मातीचं माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारं तेच बांधकाम अंगावर आलं आणि हजारो माणसं गेली. बावन्न गावं दुसऱ्या जागी नव्याने वसवली. त्यानंतर शेजारच्या तालुक्यांतही माळवदाच्या घरात झोपायचा धीर लोकांना होईना. तुम्हाला तिकडे चांगल्या स्थितीतला वाडा रिकामा आणि अंगणात पत्र्याची खोली दिसली, तर त्यामागे ही रात्र असू शकते.

पुण्यासारख्या शहरात १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर नदीकाठचे वाडे घेऊन गेला. उरलेल्यांना १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जागीच गोठवलं. बिऱ्हाडकरू महिन्याला काही रुपये देणार, मालक दुरुस्ती करणार नाही, आणि जागा कोणीच सोडणार नाही.

आणि भाऊबंदकी तर सगळीकडेच. चाळीस-चाळीस हिस्सेदार, एकाचीही सही मिळत नाही.

रिकामी इमारत पडायला किती वर्षं लागतात?

छप्पर शाबूत असेपर्यंत काही होत नाही. एक कौल सरकलं, ते कोणी बसवलं नाही, की पाणी भिंतीच्या माथ्यात शिरतं. आतला कच्च्या विटांचा भेंडा विरघळतो, वासे कुजतात, वाळवी येते, पिंपळाचं रोप धरतं.

जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टीनचं चर्च याचं मोठं उदाहरण. १६०२ला पूर्ण झालं. १८३५ला पोर्तुगीज सरकारच्या हुकमाने पाद्र्यांचे मठ रिकामे झाले. लगेच १८४२ला घुमटाकार छत कोसळलं. १९३१ला मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. दोनशेहून जास्त वर्षं उभी असलेली वास्तू, माणसं गेल्यावर सात वर्षांत उघडी पडली. आपल्याकडच्या लाकूड-मातीच्या वाड्याला एवढेही पावसाळे लागत नाहीत.

आत जायला परवानगी लागते का?

लागते. ओस म्हणजे बेवारस नव्हे. प्रत्येक वाड्याला मालक आहे, तो अमेरिकेत असला तरी आहे. विनापरवानगी शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९खाली गुन्हा ठरू शकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाव तुमच्याकडे चोर म्हणून बघतं. सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा, मालकाचा फोन तिथेच मिळतो. मी स्वतः मालकाशी बोलल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. नाही म्हणाले तर बाहेरून नमस्कार करून परत येतो.

साप, वटवाघळं, पडझड... धोका कितपत?

खरोखरीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकट्याने जाऊ नका. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला. ढिगाऱ्यात काठी आपटत चाला, आणि काहीही झालं तरी कोनाड्यात किंवा दगडाखाली हात घालू नका. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही विषारी साप अशा जागी सापडतात. चावलाच तर वर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं, यातलं काही करायचं नाही. माणसाला हलू न देता १०८ला फोन करा आणि जिथे सर्पदंशावरची लस आहे त्या सरकारी रुग्णालयात पोचवा.

वरच्या मजल्यावर चढू नका. तक्तपोशी वरून शाबूत दिसते आणि खालून वाळवीने पोखरलेली असते. चढणं भागच असेल तर फळीच्या मधोमध पाय देऊ नका, खाली तुळई आहे त्याच रेषेवर द्या.

आड आणि पेव यांना सगळ्यात जास्त भ्या. आडाचा कठडा ढासळलेला असतो आणि तोंडावर घाणेरीची झुडपं वाढलेली असतात. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. त्यात आणि बळदात, म्हणजे घरातल्या बंदिस्त धान्यकोठीत, हवा कोंडलेली असते. पूर्वी भरलेल्या पेवात उतरून माणसं गुदमरून गेलेली आहेत. भुयार समजून आत उतरणारी उत्साही मंडळी मी पाहिली आहेत. हात जोडून सांगतो, उतरू नका.

आग्यामोहोळ दिसलं तर त्या चौकात पाऊलसुद्धा टाकू नका. अत्तर, धूर, फ्लॅश, काही नको.

कोणत्या दिवसांत जावं?

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. गवत वाळलेलं असतं, भिंती सुकलेल्या असतात. पावसाळ्यात आणि पाऊस संपल्यावर महिनाभर नकोच, भिजून जड झालेल्या भिंती तेव्हाच बसतात.

पोचल्यावर आधी काय करायचं?

कॅमेरा पिशवीत ठेवायचा आणि पारावर जाऊन बसायचं.

हे मी उशिरा शिकलो. आधी मी थेट वाड्यात शिरायचो, मोजमापं घ्यायचो, फोटो काढायचो आणि संध्याकाळच्या एसटीने परत. करमाळ्याच्या बाजूच्या एका गावात असंच केलं. घरी येऊन नकाशा काढला, तर एका खोलीचा उलगडा होईना. ना खिडकी, ना कोनाडा, दार मात्र बाहेरच्या बाजूने लागणारं. चार महिन्यांनी परत गेलो. त्या वाड्यात कामाला असलेली एक आजी समोरच राहत होती असं कळलं. पण ती दीड महिन्यापूर्वी गेली होती. पहिल्या खेपेला मी तिच्या ओट्यावरच चपला काढून ठेवल्या होत्या. ती खोली कशाची होती ते मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी माणसं, मग भिंती. भिंत अजून दोन पावसाळे थांबेल, पंच्याऐंशी वर्षांची आजी थांबेलच असं नाही.

कोणाकोणाला विचारायचं?

वंशजांना तर विचाराच. पुण्या-मुंबईतल्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये एखादी आत्या असते, तिला कुठल्या खणात लोणच्याच्या बरण्या असायच्या तेही आठवतं. तिच्याकडे लग्नाचा अल्बम मागा. नवरा-नवरीच्या पाठीमागे चौकाची कोरीव कमान, गॅलरीचा कठडा, तुळशीवृंदावन असं सगळं फोटोत आलेलं असतं. आज नाहीसा झालेला अख्खा मजला मला अशा एका फोटोत सापडला आहे.

पण वंशजांवर थांबलात तर अर्धाच इतिहास हाती येईल. वाडा ज्यांनी उभारला आणि चालवला ते सुतार, पाथरवट, कुंभार, पाणी भरणारे, आणि ज्यांना ओट्याच्या पलीकडे कधी येऊ दिलं नाही अशी माणसं, यांच्या घरीही त्या वाड्याच्या आठवणी आहेत. त्या वेगळ्या आहेत आणि बऱ्याचदा कडू आहेत. एका गावात मालकांचे नातू मला दिवाणखान्याचं कौतुक सांगत होते. त्याच दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक आजोबा म्हणाले, "त्या जोत्याचे दगड माझ्या आज्यानं वेठीनं वाहिलेत, हे बी लिहा." लिहिलं. दोन्ही एकाच पानावर लिहिलं.

वाडा किती जुना आहे हे कसं ओळखायचं?

गावात "पेशवेकालीन" किंवा "तीनशे वर्षांचा" असं ठरलेलं उत्तर मिळतं. ते लिहून घ्या, पण पुरावा शोधा. दरवाजाच्या गणेशपट्टीवर (चौकटीच्या वरच्या, गणपती कोरलेल्या पट्टीवर), तुळईवर किंवा वृंदावनावर शक कोरलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; जानेवारी ते फाल्गुनअखेरची तिथी असेल तर ७९.

शकाबरोबर बहुतेक वेळा संवत्सराचं नाव असतं, आणि आकडे पुसले गेले की तेच कामी येतं. एका तुळईवर मला "शके १७", मग एक उडालेला आकडा, मग "९" आणि पुढे "प्लवंगनाम संवत्सरे" असं मिळालं. संवत्सरं साठ, त्यामुळे तेच नाव साठ वर्षांनी परत येतं. शके १७०९ प्लवंग आहे आणि शके १७६९सुद्धा. म्हणजे १७८७ किंवा १८४७. एक सवाई माधवराव पेशव्यांचा काळ, दुसरा इंग्रजी अमलाचा. वंशजांकडे छापील कुलवृत्तान्त होता. तुळईवर ज्याचं नाव कोरलं होतं तो पुरुष १८४७च्या आधीच वारला होता, तेव्हा प्रश्न सुटला. पण त्या एका आकड्याने मला तीन आठवडे झोप लागू दिली नाही.

कागदपत्रं कुठे मिळतात?

गावातून वर चढत जा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद, जिथे सिटी सर्व्हे झाला तिथे मिळकत पत्रिका, तलाठ्याकडे जुने फेरफार. तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही मोडी लिपीतली बाडं बाहेर निघाली आणि आपल्या तालुक्यात एवढा ऐवज आहे हे अनेकांना तेव्हा कळलं.

त्यापुढे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, पुण्यातलं पेशवे दफ्तर, आणि १९१०मध्ये इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ला काढला, तो अशाच वाड्यावाड्यांतून दप्तरं मागत हिंडून.

मोडी येत नाही. अडेल का?

अडेल. शिका. रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत छापील मोडी वाचता येते. घसटीचं हस्ताक्षर वाचायला वर्ष लागतं. पुराभिलेख संचालनालयाचे आणि अनेक संस्थांचे वर्ग चालतात.

वाड्यात भूत आहे, गुप्तधन आहे असं सांगतात. काय करायचं?

भुताची गोष्ट नीट ऐकून घ्या, हसू नका. तिच्यात बहुधा खरं घडलेलं काहीतरी गाडलेलं असतं: प्लेगात एकापाठोपाठ गेलेली माणसं, आडात जीव दिलेली सून, वाटणीतली मारामारी. नावं आणि खोल्या टिपून घ्या आणि मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहा.

गुप्तधनाची गोष्ट मात्र तिथेच थांबवा. या वेडापायी देवघरं, चुली, वृंदावनं खणून वाड्यांची चाळण झाली आहे. त्यासाठी अघोरी प्रकार करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. खरंच काही सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

एखादी छोटी वस्तू आठवण म्हणून आणली तर?

नाही. खिळासुद्धा नाही.

फोटो समाजमाध्यमांवर टाकावेत का?

टाका, पण नेमकं ठिकाण टाकू नका. कोरीव खांब, दरवाजे, झरोके यांना हॉटेलांत आणि फार्महाऊसवर मोठी मागणी आहे. एका वाड्याचा फोटो मी हौसेने गावाच्या नावासकट टाकला होता. पुढच्या वर्षी गेलो तर गणेशपट्टी करवतीने कापून नेलेली. माझ्या फोटोमुळेच गेली असं सिद्ध करता येणार नाही, पण ती कापलेली जागा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पाण्याखाली गेलेल्या गावांचं काय?

त्यांचंही बघा, मात्र उन्हाळ्यात. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. गोव्यात साळावली धरणात गेलेलं कुर्डी, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, मे महिन्यात वर येतं आणि मूळ गावकरी तिथे जमतात. असा दिवस चुकवू नये. उघड्या जोत्यांमध्ये उभे राहून "हे आमचं स्वयंपाकघर" असं सांगणारी माणसं तुम्हाला दुसरीकडे भेटणार नाहीत. गाळात मात्र पाय जपून टाका.

वाडा वाचवता येतो का?

क्वचित. कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून पुण्याच्या केळकर संग्रहालयात पुन्हा उभा केला. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाने जमवलेल्या वस्तूंतून संग्रहालय झालं. पण प्रत्येक गावाला असा माणूस मिळत नाही, आणि हिस्सेदारांचं एकमत तर त्याहून दुर्मीळ. मराठवाड्यात गढ्यांची पांढरी माती खत म्हणून ट्रॉल्या भरभरून शेतात गेली. शेतकऱ्याला दोष तरी कसा द्यायचा?

आमचाच आजोळचा वाडा पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. आता काय करू?

भांडत बसू नका, त्याला वेळ नाही. दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी मोजमाप: प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, खांबांमधलं अंतर, दारांच्या दिशा. फोटो काढताना प्रत्येक चौकटीत मोजपट्टी धरा. चारही भिंती, छत आणि जमीन, असे एका खोलीचे सहा फोटो घ्या.

दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला, आजी, मावशी, आत्या जी असेल तिला, खुर्ची घेऊन चौकात बसवा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि एकेका दाराकडे बोट दाखवून फक्त विचारा, "इथे काय होतं?" मधे बोलू नका, तारखा विचारू नका.

आणि माळ्यावरची रद्दी विकायच्या आधी रुमालात बांधलेली गाठोडी सोडून बघा. अक्षर वाचता येत नसलं तरी फेकू नका.